तिरंगा, त्याचा अर्थ आणि त्याचं कापड: किनाऱ्यावरच्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै संपत आला, भाताची लावणी आटपली की माझा फोन वाजायला लागतो. "सर, कप्पी फिरत नाही." "सर, यंदा झेंडा कुठला घेऊ?" देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका शाळेत मी २७ वर्षं खेळ आणि कवायत शिकवली. तेवढीच वर्षं शाळेचा झेंडा बांधला, उतरवला, वाळवला आणि घडी घालून कपाटात ठेवला. निवृत्त झालो तरी ग्रामपंचायत, मच्छीमार मंडळी, शेजारपाजारची मुलं अजूनही विचारायला येतात. नेहमीचे प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

तीन रंगांचा नेमका अर्थ काय? केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, हे खरं ना?

नाही. हा प्रश्न पहिला घेतला, कारण शाळेच्या पटांगणातही तो मला दरवर्षी ऐकू यायचा.

या समजुतीचं मूळ आहे. १९२१ साली बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींना लाल आणि हिरव्या पट्ट्यांचा ध्वज दाखवला, तेव्हा ते दोन रंग दोन मोठ्या समाजांसाठी होते. बाकीच्या सर्वांसाठी पांढरा हवा, असं गांधीजींनी सुचवलं. पण पुढे १९३१ साली काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा आणि मध्ये चरखा असा ध्वज स्वीकारला आणि या रंगांना धर्माचा अर्थ नाही, असं त्याच वेळी स्पष्ट केलं. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेत ध्वजाचा ठराव मांडताना नेहरूंनी तेच पुन्हा सांगितलं.

त्याच दिवशी राधाकृष्णन यांनी जो अर्थ सांगितला, तो मी मुलांना शिकवत आलो. केशरी हा त्यागाचा रंग. पुढाऱ्याने स्वतःचा लाभ बाजूला ठेवून काम करावं, ही त्यातली अपेक्षा. पांढरा प्रकाशाचा, सत्याच्या वाटेचा. हिरवा मातीशी आणि रोपांशी असलेल्या आपल्या नात्याचा, ज्यांच्यावर सगळ्यांचं जगणं उभं आहे. लावणी करून, चिखलाचे पाय धुऊन झेंडावंदनाला आलेल्या माणसाला हिरव्याचा अर्थ वेगळा समजावावा लागत नाही.

चरखा काढून चक्र का घातलं?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न, कारण यात अर्थ आणि बनावट दोन्ही एकत्र येतात.

चरख्याला एका बाजूला चाक असतं, दुसऱ्या बाजूला चाती. झेंडा एका बाजूने पाहिला की चाक खांबाकडे दिसतं, पलीकडून पाहिला की चित्र उलटं होतं. नेहरूंनी सभेत ही अडचण बोलून दाखवली होती. चाक कुठूनही पाहा, तसंच दिसतं. म्हणून चरख्यातलं चाक ठेवलं आणि त्याला रूप दिलं सारनाथच्या अशोकस्तंभावरच्या चक्राचं. चक्र म्हणजे धर्माचं, नीतीचं चाक, आणि चाक म्हणजे गती, असं राधाकृष्णन यांनी सांगितलं.

अशोक आपल्याला फार लांबचा वाटतो. पण उत्तर कोकणात सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळ, त्याच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. त्यातला एक आठव्या लेखाचा आहे. आधीचे राजे शिकारीला आणि मौजेला फिरत, मी लोकांना भेटायला, धर्माची चर्चा करायला फिरतो, असं तो लेख सांगतो. ते चक्र ज्या राजाचं, त्याचे शब्द आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरात दगडावर कोरलेले होते. मुलांना हे सांगितलं की ती पुन्हा मान वर करून झेंड्याकडे बघतात.

चक्राला आरे २४ च का?

सारनाथच्या चक्राला २४ आहेत म्हणून. दिवसाचे २४ तास, २४ गुण वगैरे अर्थ लोकांनी मागाहून जोडले. त्यात वाईट काही नाही, पण संविधान सभेच्या ठरावात ते नाहीत.

चांगला झेंडा कसा ओळखायचा?

दुकानात घडी उघडून बघायला लाजू नका. पूर्ण उघडा आणि टेबलावर सपाट पसरा.

पहिलं, माप. लांबी आणि उंची ३ : २ हवी. टेप नसेल तर वीत लावा. लांबीला सहा वीत भरल्या तर उंचीला चार भरल्या पाहिजेत. तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे हवेत. घाईत शिवलेल्या झेंड्यात पांढरा पट्टा हमखास अरुंद निघतो, कारण शिवणीत दोन्हीकडून त्याचंच कापड खाल्लं जातं.

दुसरं, चक्र. गडद निळं, गोल, पांढऱ्या पट्ट्याच्या बरोबर मध्ये, आणि दोन्ही बाजूंनी सारखं स्पष्ट. छापलेलं असो, भरतकामाचं असो, मागून पुसट दिसत असेल तर तो झेंडा घेऊ नका. चरखा काढून चक्र आणलं ते दोन्हीकडून सारखं दिसावं म्हणून, मग मागून न दिसणारं चक्र कशाला हवं? आरे मोजा. हो, खरंच मोजा. बोट फिरवत मोजायला अर्धं मिनिट लागतं.

तिसरं, शिवण. पट्टे जोडताना कापडाची कड आत दुमडून दुहेरी टीप मारलेली असावी. खांबाकडच्या बाजूला दोरी ओवायचा नेफा मजबूत, जाड कापडाचा हवा. दोरी नेफ्यातून आरपार जाऊन शिवणीने धरलेली असावी. नुसती वरच्या कोपऱ्याला लूप शिवलेला झेंडा आमच्याकडच्या पहिल्याच जोराच्या वाऱ्यात कोपऱ्यातून फाटतो.

चौथं, रंग. पांढऱ्या रुमालाचं टोक भिजवून केशरी पट्ट्यावर घासा. रुमालाला रंग लागला तर पावसात तो केशरी पांढऱ्यावर उतरणार, हे नक्की.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये 'हर घर तिरंगा' मोहीम आली, तेव्हा आमच्या गावातही झेंड्यांचे गठ्ठे आले. कुठून आले, कुणी शिवले, ते लिहीत नाही. शाळेच्या पडवीत सतरंजी घालून आम्ही ते सोडवायला बसलो. सातवीच्या एका मुलीने एक झेंडा दोन्ही हातांनी धरून माझ्यासमोर आणला. चक्र अंड्यासारखं लांबट होतं आणि पार हिरव्या पट्ट्याला टेकलं होतं. "सर, हे चाक फिरेल काय?" तिने विचारलं. त्या दिवशी आम्ही एकेक झेंडा उघडून पाहिला, वाकडे वेगळे काढले आणि ते एकाही घराला दिले नाहीत. काही घरांना झेंडा एक दिवस उशिरा मिळाला. मला त्याचं वाईट वाटलं, पण वाकडा झेंडा हातात ठेवला असता तर जास्त वाटलं असतं.

ठरलेली मापं कोणती?

भारतीय मानकांमध्ये ध्वजाचा क्रमांक पहिला आहे, 'आयएस १'. ते १९५१ साली आलं, पुढे १९६८ साली सुधारलं गेलं. त्यात नऊ मापं आहेत. सर्वात मोठं ६३०० × ४२०० मिलिमीटर, सर्वात लहान टेबलावरचं १५० × १०० मिलिमीटर. गावात लागतात ती यांच्या मधली. घराला ४५० × ३०० किंवा ९०० × ६००, शाळेला आणि पंचायतीला १३५० × ९०० किंवा १८०० × १२००. चक्राचा व्यासही ठरलेला आहे: ९०० × ६०० च्या झेंड्यावर १८५ मिलिमीटर, १३५० × ९०० वर २८०, १८०० × १२०० वर ३७०. नागरिकाने कुठल्याही मापाचा लावला तरी चालतो, प्रमाण मात्र ३ : २ च हवं. वीस फुटी खांबाला १३५० च्या वरचा लावू नका. आपल्याकडचा वारा तो झेंडा सांभाळू देत नाही.

खादीचाच घ्यावा की पॉलिस्टरचा चालतो?

कायद्याने दोन्ही चालतात. २००२ च्या ध्वजसंहितेत, म्हणजे ध्वजाबद्दलच्या सरकारी नियमांत, आधी हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या सुती, लोकरी किंवा रेशमी कापडाचाच ध्वज मान्य होता. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर यंत्रावर बनवलेला आणि पॉलिस्टरचाही मान्य झाला.

माझं मत विचाराल तर १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मे ला शाळेवर, पंचायतीवर खादीचाच चढवावा. त्या कापडातलं प्रत्येक सूत कुणाच्या तरी बोटांतून गेलेलं असतं. ज्या झेंड्यावर एके काळी चरखा होता, त्याला ते कापड शोभतं. हाताने कातलेल्या सुताला थोडे चढउतार असतात. उन्हासमोर धरलं की ते दिसतात, आणि मला ते पाहायला आवडतं.

पण घरावर रोज झेंडा ठेवणार असाल, तेही किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, तर जून ते सप्टेंबर सुती झेंडा टिकणार नाही. भिजला की जड होतो, खांबाला चिकटतो, वाळत नाही आणि आठवड्यात त्याच्यावर काळे ठिपके येतात. चांगल्या शिवणीचं, पक्क्या रंगाचं पॉलिस्टर अशा दिवसांत जास्त दिवस नीट दिसतं. ओलाचिंब, बुरा आलेला खादीचा झेंडा लावून ठेवण्यापेक्षा ते बरं. तसले झेंडे रस्त्याने जाताना दिसले की मला वाईट वाटतं.

खादीचे ध्वज बनतात कुठे?

हुबळीला बेंगेरी भागात कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ आहे. भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राचे ध्वज बनवण्यासाठी तो देशभर ओळखला जातो. आपल्या महाराष्ट्रात नांदेडलाही खादीचे राष्ट्रध्वज बनतात. ध्वजाला दोन तऱ्हेची खादी लागते. पट्ट्यांसाठी पातळ आणि नेफ्यासाठी जाड, मातकट पांढऱ्या रंगाची. तालुक्याच्या खादी भांडारात मागणी नोंदवायची असेल तर जूनमध्येच नोंदवा. ऑगस्ट उजाडला की हवं ते माप मिळत नाही.

खाऱ्या वाऱ्यात झेंडा लवकर विरतो. काय करावं?

खारं धुकं कापडात बसतं, वाळलं की मीठ कडक होतं, आणि वाऱ्यात कापड फडफडताना तंतू घासून तुटतात. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा झेंडा उतरवून गोड्या पाण्यात, साबण न लावता बुडवून काढा. पिळू नका. सावलीत आडवा पसरून वाळवा. पूर्ण सुकल्याशिवाय घडी घालू नका. लोखंडी ट्रंकेत ठेवणार असाल तर आधी सुती पिशवीत घाला, नाहीतर गंजाचा डाग पडतो आणि तो निघत नाही.

सगळ्यात आधी जाते ती खांबापासून लांबची मोकळी कड. तिच्या दशा निघायला लागतात. अशा वेळी लोक काय करतात, तर दशा कापतात आणि पुन्हा टीप मारतात. एकदा केलं, दोनदा केलं, की ९०० चा झेंडा ८५० चा होतो, चक्र मध्यावरून सरकतं आणि प्रमाण बिघडतं. झेंडा नवीन असतानाच त्या कडेला एक जादा टीप मारून घ्या, म्हणजे ती वेळ उशिरा येते. आल्यावर झेंडा बदला.

घरावर रोज लावता येतो का? रात्रीसुद्धा?

हो. २००४ साली उद्योगपती नवीन जिंदल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सन्मानाने ध्वज फडकवणं हा नागरिकाचा हक्क आहे. सूर्योदय ते सूर्यास्त ही अट जुलै २०२२ च्या दुरुस्तीने सैल झाली. उघड्यावर किंवा नागरिकाच्या घरावर आता दिवसरात्र ठेवता येतो.

पण हक्क मिळाला म्हणून एकदा चढवून विसरून जायचं नाही. फाटका, मळका ध्वज लावायला मनाई आहेच. वादळाचा इशारा आला की बंदरावर बावटा लागायच्या आधी मी घरचा तिरंगा उतरवून ठेवतो.

कप्पी अडकते, झेंडा मध्येच थांबतो. उपाय?

एका १५ ऑगस्टला आमच्या शाळेचा झेंडा अर्ध्या खांबावर अडकला. मुसळधार पाऊस, समोर दोनशे मुलं, बाजूला सरपंच. दोरी वर जाईना, खाली येईना. शेवटी एक माजी विद्यार्थी, रोज माडावर चढणारा, खांबावर चढला आणि कप्पी हाताने फिरवली. राष्ट्रगीत त्यानंतर झालं. लोखंडी कप्पीचा कणा मिठाने गंजला होता आणि मी तो जानेवारीपासून पाहिला नव्हता. चूक माझी होती.

तेव्हापासून पितळी किंवा चांगल्या स्टीलची कप्पी, नायलॉनची दोरी आणि १३ ऑगस्टला रिकाम्या दोरीची तालीम, हा माझा नेम आहे. खांब जांभ्याच्या चौथऱ्यात पुरला असेल तर बुडाशी पाणी साठतं, तिथेच तो आतून सडतो. दर दोन वर्षांनी बुडाशी हातोडी मारून आवाज ऐका.

होडीवर झेंडा लावला तर चालेल का?

नारळी पौर्णिमेला हे विचारायला हमखास कुणीतरी येतं. होडीच्या कडेला किंवा टपावर तिरंगा पांघरून सजवायचा नाही, ध्वजसंहितेत होडीचं नाव घेऊन ते मना केलं आहे. झेंडा पाण्याला लागता कामा नये, हेही त्यात आहे. काठीवर लावायचा तर स्वतंत्र काठी घ्या. देवीचं निशाण, पक्षाचा झेंडा, फुगे, पताका त्याच काठीवर नकोत, आणि कुठलंही निशाण त्याच्यापेक्षा उंच नको. बंदरात शोभेसाठी लावलेला झेंडा मासेमारीला निघताना काढून ठेवा. समुद्राच्या तुषारांत तो दोन दिवसांत पांढुरका पडतो.

व्यापारी जहाजांवर लाल रंगाचा आणि कोपऱ्यात तिरंगा असलेला वेगळा ध्वज दिसतो, तो त्यांच्यासाठी ठरलेला आहे.

नौदलाच्या नव्या ध्वजात शिवरायांचं काय आहे?

२ सप्टेंबर २०२२ ला कोचीत विक्रांत ही विमानवाहू युद्धनौका नौदलात दाखल झाली, त्याच दिवशी हा ध्वज आला. जुना लाल क्रॉस गेला. खांबाकडच्या वरच्या कोपऱ्यात तिरंगा आणि बाजूला निळा, सोनेरी कडांचा अष्टकोन आहे. अष्टकोनाची प्रेरणा महाराजांची राजमुद्रा. २०२३ चा नौदल दिन मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने झाला. ज्याने तो पाहिला, त्याला या ध्वजाचं महत्त्व अधिक सांगायला नको.

गणपतीच्या आराशीत तिरंगा वापरावा का?

ध्वज म्हणून असेल तो कापड म्हणून वापरू नये. मखराला गुंडाळणं, फुलासारखा चुण्या घालून लावणं, पडदा करणं, त्यावर मंडळाचं नाव लिहिणं, यातलं काही चालत नाही.

स्वातंत्र्यलढ्यात या ध्वजाचा आपल्या भागाशी काय संबंध?

१९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला तो चरख्याच्या झेंड्याखाली. पण माझ्या मनात सगळ्यात खोल बसलेली जागा बांद्याच्या पुढे आहे, पत्रादेवी. भारत स्वतंत्र होऊन आठ वर्षं झाली होती, गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही हातात तिरंगा घेऊन सीमा ओलांडायला निघाले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. पंजाबातून आलेले कर्नैलसिंग तिथेच पडले. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. सहलीला गोव्याला जाताना मी बस तिथे थांबवायचो. मुलं खाली उतरायची, दोन मिनिटं उभी राहायची.

फाटलेल्या झेंड्याचं काय करायचं? समुद्रात सोडला तर?

समुद्रात सोडू नका. निर्माल्य सोडायची आपली सवय आहे म्हणून लोक तसं करतात, पण समुद्र काही ठेवून घेत नाही. भरतीबरोबर तो झेंडा वाळूत परत येतो आणि मग त्याच्यावरून पाय जातात. १६ ऑगस्टच्या सकाळी मी किनाऱ्यावरून कागदी झेंडे गोळा केले आहेत. वाळूत अर्धे पुरलेले, रंग उतरलेले. प्लास्टिकचे तर कुजतही नाहीत. गृहमंत्रालय ते वापरू नका असं वारंवार सांगतं, तरी जत्रेच्या खेळण्यांत ते असतातच.

ध्वजसंहितेप्रमाणे निकामी ध्वज एकांतात, संपूर्ण, शक्यतो जाळून किंवा सन्मान राहील अशा दुसऱ्या रीतीने नष्ट करायचा. तुकडे करायचे नाहीत, पुसायला वापरायचा नाही. मी घराच्या मागच्या खळ्यात, वारा पडलेला असताना, घडी घालून लोखंडी घमेल्यात जाळतो आणि राख माडाच्या बुंध्याला घालतो. पॉलिस्टरचा असेल तर तो वितळतो, धूर वाईट असतो, लांब उभं राहा आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका.

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला झेंडा वेगवेगळा का बांधतात? गाठ कशी मारायची?

दिल्लीत १५ ऑगस्टला ध्वज खालून वर चढवला जातो, म्हणून ते ध्वजारोहण. २६ जानेवारीला तो आधीच वर बांधलेला असतो आणि फक्त उलगडला जातो. आपल्या गावांत बहुतेक ठिकाणी दोन्ही दिवशी वर बांधून उलगडतात.

बांधताना केशरी वरच्या टोकाला येतोय का, हे दोनदा पाहा. उलटा झेंडा बहुतेक वेळा या क्षणीच घडतो. घडी घालून सैल गुंडाळी करा आणि खालच्या दोरीने तिच्यावर सुरगाठ मारा. गाठ इतकीच घट्ट हवी, की वाऱ्याने सुटू नये आणि एका झटक्यात सुटावी. आत फुलांच्या पाकळ्या ठेवायला हरकत नाही, पण ओला झेंडू नको. पावसात त्याचा पिवळा डाग पांढऱ्या पट्ट्यावर बसतो. पाकळ्या आदल्या रात्री पंख्याखाली सुकवून घ्या. आणि सुरगाठीचं मोकळं टोक कोणतं, दोरी कोणत्या बाजूने ओढायची, हे पाहुण्यांना समारंभाच्या आधी खांबापाशी नेऊन दाखवा. त्यांच्या हातात दोरी देऊन एकदा ओढून बघायला सांगा.